पाठीला माती नाही

मी दुसऱ्यांचे आजोबा शोधून देते. धंदाच आहे तो माझा. कुणी विचारलं काय करतेस, तर मी हेच सांगते, मग समोरचा माणूस माझ्या आईकडं बघतो आणि आई चहा ठेवायला आत निघून जाते.

कामाच्या आठवणींच्या अशा अंकात खरं म्हणजे नोकरीतून मोकळे झालेले लोक लिहितात, ज्यांना आता कुठलाच साहेब ओरडू शकत नाही. मी अजून तिशीत पोचले नाही आणि मला साहेबच नाही. पण संपादक फोनवर म्हणाले, एखादी तरी गोष्ट असेल की तुमच्याकडं, आणि त्यांचं बोलणं संपायच्या आधीच मी टाइप करायला बसले होते. कारण एक गोष्ट आहे, आणि ती मी भेटेल त्याला सांगायलेय. रिक्षावाल्याला पण सांगितली.

आधी धंदा सांगते. घरातले लोक येतात. आजोबांची पुण्यतिथी असते, नाहीतर जन्माची शंभरी असते, आणि त्यांच्यावर एक छोटं पुस्तक काढायचं असतं. घरात आजोबांबद्दल चार वाक्यं असतात, आणि ती प्रत्येक घरात तीच असतात. उंच होते. तापट होते. शब्दाचे पक्के होते. एका बैठकीत लई भाकरी खायचे. मराठवाड्यातले सगळे आजोबा असे असतील, तर बुटके, शांत आणि बेताचं जेवणारे लोक गेले कुठं, हे मला अजून कळलेलं नाही. निलंग्याच्या एका गिऱ्हाइकानं तर फोटोतल्या आजोबांच्या मिशा वाढवून मागितल्या. मी म्हटलं, मिशा तुम्ही वाढवा की, आजोबांच्या राहू द्या आहे तशा.

तर त्या चार वाक्यांच्या मागं एक माणूस लपलेला असतो, तो हुडकायचा. त्यासाठी गावोगाव फिरायचं, म्हाताऱ्या माणसांजवळ बसायचं. कुणालाच "कधी?" असं विचारायचं नाही, कारण मग ती माणसं घाबरतात आणि काहीतरी साल फेकून देतात. "पोलीस ॲक्शनच्या आधी का नंतर?" असं, म्हणजे निजामाचं राज्य जायच्या आधी का नंतर, विचारलं की नव्वदीची बाई पण झटकन सांगते. "तेव्हा रानात काय होतं?" विचारलं की महिना कळतो. ज्वारी हुरड्यात होती, कापूस वेचणीला आला होता, असं.

माझे दोन नियम आहेत. एक, एकाच तोंडची गोष्ट छापायची नाही. दुसरं तोंड पाहिजे, आणि त्या दोघांचं आपसात बोलणं झालेलं नसलं पाहिजे. दुसरा नियम, छापायच्या आधी सगळं घरात बसून मोठ्यानं वाचून दाखवायचं. कागदावर बघून माणसं मान डोलवतात. कानावर पडलं की खरं बोलतात.

आणि माझी एक खोड आहे. यष्टीत खिडकीपाशी बसले की ज्याला शोधायला निघाले तो माणूस मला बाहेर रानात दिसायला लागतो. धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, चाललेला असतो, बसच्या संगट. मी त्याच्याकडं बघत बसते, तो माझ्याकडं बघत नाही. कंडक्टरनं तिकिटासाठी हाक मारली की जातो. याला माझी आई झोप म्हणते.

हणमंतराव बुक्कीवाले मला असेच पहिल्यांदा अहमदपूरच्या अलीकडं दिसले. तुरीच्या रानात, हात तोंडापुढं धरून.

त्यांच्या मुलानं मला लातूरला बोलावलं होतं. मुलगा म्हणजे ऐंशीच्या पुढचे बाबूराव. सगळे त्यांना आबा म्हणतात. आबांनी सगळं आयुष्य यष्टी चालवली आणि अजून पण ते खुर्चीत डायव्हरसारखेच बसतात. गोष्ट सांगताना रस्त्यात वळण आलं की अंग त्या बाजूला कलतं.

"मॅडम, माझा बाप बॉक्सर होता," आबा म्हणाले. "कंधारच्या बाजूचं आमचं गाव. गावात सगळे कुस्ती खेळायचे. ह्यो गडी निजामाच्या टायमाला हैदराबादला फौजेत गेला अन् बुक्क्या मारायला शिकला. म्हणून आमचं आडनावच बुक्कीवाले पडलं. पैली ओळ मी सांगतो, ती तशीच लिवायची. हणमंतराव आयुष्यात एकदाबी हरले न्हाईत. त्याच्या म्होरं तुमाला काय लिवायचं ते लिवा."

तेवढ्यात त्यांची नात चहा घेऊन आली. वैष्णवी, कॉलेजात शिकते. भुवईवर पांढरी पट्टी होती.

"हे काय झालं गं?"

"काही नाही ताई. परभणीच्या पोरीचा डावा हात."

"हरली," आबा म्हणाले.

"पॉइंटवर हरले, आबा."

"पॉइंटवर हरली, न्हाईतर बांधावर हरली. हरली ती हरली. सारखीच हरती." मग माझ्याकडं वळून म्हणाले, "ही बी बॉक्सिंग खेळती बघा. पणज्यावर गेली म्हणून आमी लई कौतुक केलं. पण आमच्या घरात हरायची पद्धत न्हाई. आता गावात पुस्तकाचा कार्यक्रम करायलोत, समदी भावकी येणार, बापाचं नाव निघणार. त्याच्या आधी हिनं ते हातमोजे क्लबात वापस देऊन टाकायचे. म्हंजे कुणी म्हणाय नको, बाप तसा अन् पोरगी अशी."

वैष्णवीनं कप उचलले आणि आत गेली. मला सोडायला मात्र कोपऱ्यापर्यंत आली. चपलेनं रस्त्यावरचा खडा उडवत म्हणाली, "ताई, पणजोबा खरंच एकदा पण हरले नव्हते का?"

"मला काय माहीत? आजच तर सुरू केलं."

"एकदा जरी हरलेले सापडले ना, तर मला सांगा. मग मी ग्लोव्ह्ज देत नसते. आबांच्या समोर उभी राहते अन् सांगते."

माझ्याकडं आजोबांची शौर्यं शोधून मागणारे लई आले. हरणं शोधून मागणारी ही पहिलीच.

गावात गेले. कंधारच्या तलावावरून बस जाते तेव्हा पाण्यात किल्ला उलटा दिसतो, आणि मला वाटलं आपण पण तसंच काहीतरी बघायला चाललोय, खालचं वर. गावात तालमीच्या ओट्यावर गोविंदतात्या बसलेले होते. आबांच्याच वयाचे, भावकीतलेच, आणि गावातली कुठलीही कुस्ती त्यांना काल झाल्यासारखी पाठ. मी विचारलं, हणमंतराव कसे होते.

"पाठीला माती लागली न्हाई गड्याच्या," तात्या म्हणाले. "मरस्तोवर न्हाई."

हे मला त्या गावात सगळ्यांनी सांगितलं. ज्यांना कुस्ती माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. आपल्याकडं मातीतल्या कुस्तीत माणूस कितीदा पडला याला काही अर्थ नसतो. पालथा पडला, गुडघ्यावर आला, तोंड मातीत गेलं, चालतंय. पाठ मातीला टेकली की मात्र तो हरला. दोन पैलवान धुळीतून उठले की पंच आधी त्यांच्या पाठी बघतो. जत्रेत बघणारा प्रत्येक माणूस पाठच बघायला शिकलेला असतो, लहानपणापासून.

"तुमी नांदेडची कुस्ती ऐकली का?" तात्यांनी विचारलं. ते बॉक्सिंगला पण कुस्तीच म्हणतात. "माझ्या बापानं बघितली. ॲक्शनच्या आधीची गोष्ट. हणमंताची फौजेतली मंडळी नांदेडला आल्ती. गोदावरीच्या वाळूत चार बांबू रोवले अन् बैलाचे कासरे बांधले चौफेर. आपल्या गावाच्या बैलगाड्याच्या बैलगाड्या गेल्या. समोर एक दांडगा सोल्जर. हणमंता पडला, उठला. पडला, उठला. पण पालथाच पडायचा हो. छाती वाळूनं भरली, तोंड भरलं, पाठ कोरी. शेवटाला आपली माणसं कासऱ्याखालून आत घुसली अन् खांद्यावर घेऊन नाचत घाटावर आणला."

"आणि रेफरीनं?"

"तो धवळ्या कपड्यातला? त्यानं त्या सोल्जरचा हात वर केला."

"सोल्जरचा का बरं?"

तात्यांनी थोडा विचार केला. "हरला बिचारा. धीर दिला आसंल."

मी हसले नाही. खरं सांगते, मला बॉक्सिंगमधलं तेव्हा काहीच कळत नव्हतं, आणि तात्या असं शांतपणे सांगत होते की मला त्या पंचाचा चांगुलपणाच दिसायला लागला. गावाबाहेर पडल्यावर मी वैष्णवीला फोन लावला.

"शेवटी रेफरी हात कुणाचा वर करतो गं?"

"जिंकलेल्याचा. कामून?"

"आणि समज एखादा पालथा पडला तर?"

"पालथा पडू द्या नाहीतर उताणा, ताई. पायाशिवाय दुसरं काही खाली टेकलं की पडला. गुडघा टेकला तरी रेफरी मोजायला लागतो. दहापर्यंत उठला नाही की खेळ खलास." मग तिचा आवाज बारीक झाला. "पालथं कोण पडलं?"

मी सगळं सांगितलं. फोनमध्ये तिच्या क्लबातल्या दोरीउड्यांचा आवाज येत होता, सपसप, सपसप.

पण हे सगळं माझ्या हिशेबानं कच्चं होतं. तात्यांनी बघितलेलं नाही, त्यांच्या वडिलांनी बघितलं, आणि गावाच्या मते तर हणमंतराव जिंकलेच. तेव्हा मी नेहमी करते तेच केलं. माणूस सापडत नसला तर त्याच्या बाजूला उभा राहणारा माणूस शोधायचा. नवरदेव विसरतो, वाजंत्री विसरत नाहीत. तात्या बोलता बोलता म्हणाले होते की हणमंताचं पाणी बघायला देगलूरचा एक मुसलमान गडी असायचा, बादली घेऊन कोपऱ्यात बसायचा, त्याला सगळे उस्ताद म्हणायचे. देगलूरला तीन-चार ठिकाणी विचारल्यावर कळलं की उस्ताद कधीच गेले, पण त्यांची मुलगी आहे, मशिदीच्या मागच्या गल्लीत. हुसेनबी खाला.

वैष्णवी म्हणाली मी पण येते. बसमध्ये ती खिडकीशी बसली म्हणून मला त्या दिवशी रानात कुणी दिसलं नाही. ती मात्र बाहेरच बघत होती. मी विचारलं नाही काय दिसतंय.

खाला पलंगावर बसून लसूण सोलत होत्या. आम्ही हणमंतरावांचं नाव घेतलं तशी त्यांनी लसणाचं ताट बाजूला सरकवलं.

"हन्मंतू? अरे, वो तो हमारे घर में रोज आता था," खाला म्हणाल्या. "मैं तो पैदा बी नै हुई थी उस टैम. मगर अब्बा रोज उसका खेल करके दिखाते थे हम बच्च्यां कू. खाना खाए कि हन्मंतू शुरू."

मग त्यांनी सुरुवात केली. देगलूरच्या त्या बोळातल्या खोलीत, डोक्यावरचा पदर कमरेला खोचून एक म्हातारी बाई हणमंतराव झाली. दोन्ही हात पुढं, कोपरं आत. हणमंतू गावाकडची काळी माती फडक्यात बांधून न्यायचा म्हणे, आणि सामन्याच्या आधी ग्लोव्ह्जला चोळायचा, आणि पंच त्याला ते धुवायला लावायचे. मारामारी रंगात आली की विसरून समोरच्याची कंबरच धरायचा. "रेफरी चिल्लाता, छोड, छोड, ये कुश्ती नै है."

"खाला, जिंकायचे का पण?" वैष्णवीनं विचारलं. एवढंच विचारायला ती एवढ्या लांब आली होती.

"कबी कबी. हारता ज्यादा था."

वैष्णवीनं माझा हात धरला.

"नांदेड में बी हारा. रेती में. अब्बा बोलते थे, पहलीच बार गिरा तो पीछे गिर रहा था, सीधा पीठ पे. मगर गिरते गिरते ऐसा पलट गया." खालांनी पलंगावर हाताचा पंजा उताणा टाकला आणि टेकायच्या आत पालथा केला. पुन्हा केला. पुन्हा केला. "अब्बा कोने में बोले, अरे पागल, पलटता कैकू? पलटने में मुंडी मरोड जाएगी, आराम से गिर ना. तो क्या बोलता? उस्ताद, मेरे गाँव के लोगां बैल जोत के आए हैं. उनकू पीठ कैसे दिखाऊं?"

बाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं.

"फिर लोगां उठा के ले गए उसकू. वो उपर कंधे पे बैठ के रो रहा था. लोगां समझे, खुशी में रोता."

खालांनी आम्हाला जेवल्याशिवाय सोडलं नाही. परत येताना माझी बोटं नुसती शिवशिवत होती. बसमध्येच फोनवर सगळं टाइप करत सुटले. वाळू, कासरे, खांद्यावर बसलेला तो माणूस, मार खाऊन एक डोळा बंद, खाली सगळा गाव नाचतोय आणि हरलेलं एकट्या त्यालाच माहीत. जिंकलेला सोल्जर मागं दोरीत एकटाच हात वर करून उभा. मी वैष्णवीला म्हटलं, झालं तुझं काम. जा आता आबांसमोर.

ती म्हणाली, "ताई, बुक्की लागली ना, की अंग आपलं राहत नाही. पडताना काही करता येत नाही. मी सरळ पाठीवर जाते. यांनी वळायचं कसं जमवलं असेल?"

नरसीचा फाटा गेला. मग म्हणाली, "आबांना नका सांगू."

"अगं, तूच म्हणालीस ना?"

"म्हणाले होते. पण ते माणूस पाठ कुणाला दिसू नये म्हणून मान मोडून घेत होतं, अन् मी ते माझ्यासाठी आबांपुढं नेऊन टाकू का? ऐंशी वर्षं आबा तेच धरून बसलेत. मी देते ग्लोव्ह्ज वापस. राहू द्या."

आणि माझा नियम पण तिच्याच बाजूनं होता. हे एकाच तोंडचं होतं. दुसरं तोंड कुठून आणायचं, त्या वाळूतलं कुणी उरलं नव्हतं. मी नियमाप्रमाणे ते गाळलं असतं तर कुणी मला बोललं नसतं. घरी बसून मी पुस्तक पूर्ण केलं. हणमंतराव कसे फौजेत गेले, ॲक्शननंतर कसे गावी परतले, मरेपर्यंत कशी शेती केली, सगळं आलं. खालांनी सांगितलेला नांदेडचा भाग मी वेगळ्या कागदावर छापून घेतला आणि पिशवीत ठेवला. काय करायचं ते माझं मला ठरत नव्हतं. यष्टीत बसले तर ते पुन्हा दिसले, ज्वारीच्या कडेनं चाललेले, पण या वेळी पाठमोरे. सगळी पाठ दिसत होती. मी म्हटलं, आता तुम्हीच सांगा. तर वळण आलं आणि गेले.

लातूरला आबा खुर्चीत तयार बसले होते. सून, मुलगा, वैष्णवी दाराला टेकून. कोपऱ्यात तिची ग्लोव्ह्जची पिशवी बांधून ठेवलेली होती. ती दुसऱ्या दिवशी क्लबात जाणार होती.

मी वाचायला लागले. पहिली ओळ आबांची. ती ऐकून त्यांनी डोळे मिटले आणि गाडी निवांत चालू झाली. नांदेडपर्यंत आले. बैलगाड्या वाचल्या, बांबू वाचले, कासरे वाचले. पालथा पडला, उठला, तात्यांनी सांगितलं तेवढं वाचलं आणि थांबले.

"थांबल्या का? म्होरं."

"म्होरं दुसऱ्या कागदावर आहे, आबा. पण ते एकाच तोंडचं आहे. छापायचं का नाही माहीत नाही."

"वाचा तर."

वैष्णवी मला मानेनं नको म्हणत होती. मी तिच्याकडं बघितलं नाही आणि वाचलं. खालांनी सांगितलं तसं सगळं. हरत जास्त होते, हे पण. पीठ कैसे दिखाऊं, हे पण. संपलं तरी आबांचे डोळे मिटलेलेच. सुनेनं उठून पंखा बंद केला, कशासाठी ते तिलाच माहीत, आणि घरात इतकं शांत झालं की मला बाहेरच्या पिठाच्या गिरणीचा पट्टा ऐकू यायला लागला.

"पालथं पड," आबा म्हणाले.

आम्हाला काही कळलं नाही.

"असं म्हणायचा. ज्वारी काढली की रान मोकळं व्हायचं. आमी भावंडं बारकी बारकी. बाप आमाला नांगरलेल्या रानात उभा करायचा अन् छातीवर बोट टेकवून ढकलायचा, मागं. अन् म्हणायचा, पालथं पड, बाबू, पालथं पड. जो उताणा पडंल तो बाद. जो हवेतच फिरंल त्याला गूळ." आबांचा हात आपोआप वर आला आणि त्यांनी खालांसारखाच पंजा उताणा टाकून पालथा केला. अगदी तसाच. "मला लई गूळ मिळायचा. बापाला आमी दादाच म्हणायचो. मी इचारायचो, हा काय खेळ हाय, दादा? तर म्हणायचा, असाच. गंमत."

मग त्यांनी डोळे उघडले.

"गंमत न्हवती ती."

मी देगलूरला गेले होते हे आबांना आताच कळत होतं. खाला आणि आबा एकमेकांना कधी भेटलेले नव्हते. दुसरं तोंड मला सापडलं होतं आणि मला ते बिलकुल नको होतं.

"इतका हरायचा अन् घरी आल्यावर एका शब्दानं सांगितलं न्हाई," आबा म्हणाले. "सांगायला काय झालं होतं? मी काय गाव होतो का? मी पोरगा होतो की." त्यांनी पंच्यानं पुसतात तसं हातानं तोंड पुसलं. मग दाराकडं बघितलं. "वैष्णे, तू कशी पडतीस?"

"पाठीवर, आबा."

"डोकं आपटतं?"

"कधी कधी."

"गादी आण."

"आबा, माझी नांदेडला मॅच आहे, पण मी तर ग्लोव्ह्ज..."

"गादी आण म्हणलं ना."

गादी आली. आबांना खाली बसता येत नाही, गुडघे गेलेत, म्हणून ते खुर्ची ओढून गादीच्या कडेला आले, वैष्णवीला समोर उभी केली आणि तिच्या छातीच्या हाडावर एक बोट टेकवलं. मी चपला घालत होते. मला वाटलं आता आपण निघावं. तेवढ्यात आबा मला न बघताच म्हणाले, "मॅडम, ती पैली ओळ खोडा." जिना उतरताना मला मागून ऐकू येत होतं, धप, आणि आबा, "न्हाई. उशिरा फिरलीस." पुन्हा धप.

गावातला कार्यक्रम चांगला झाला. पुस्तकात आता पहिली ओळ आहे, हणमंतराव जिंकले थोडे आणि हरले जास्त. तात्यांना मी ती वाचून दाखवली. ते म्हणाले, छापलं ते छापलं, पण पाठीला माती कुठं लागली ते दाखवा. मी अजून दाखवू शकलेली नाही.

शेवटचं सांगते आणि थांबते, बोटं दुखायला लागलीत. नांदेडच्या मॅचला आबा आले. वैष्णवीची मॅच बघायला ते आजपर्यंत कधी आले नव्हते. एका हॉलमध्ये निळ्या मॅटवर रिंग होती, आणि मी आबांच्या शेजारी बसले होते, आणि मला उगीच चौफेर कासरे बांधलेले दिसत होते. वैष्णवी चांगली खेळली. मग दुसऱ्या राऊंडमध्ये समोरच्या पोरीचा एक हात असा बसला की ती मागं निघाली, सरळ पाठीवर. आबांचं सगळं अंग खुर्चीत एका बाजूला वळलं, घाटातल्या वळणासारखं. आणि ती हवेतच फिरली. छातीवर पडली, हातांवर. रेफरी मोजायला लागला, ती उठली. शेवटी हात दुसऱ्याच पोरीचा वर गेला.

ती खाली आली तेव्हा घामानं निथळत होती आणि आबांकडं बघत नव्हती. आबांनी तिला खांद्याला धरून उलटं फिरवलं. बनियनच्या पाठीवरून वरपासून खालपर्यंत एकदा हात फिरवला आणि हाताकडं बघितलं.

बाजूच्या माणसानं विचारलं, "तुमची नात का, काका? हरली वाटतं."

"हाव," आबा म्हणाले. "आमच्या घरात हरत्यात."